काचेतले बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कोणी तरी शिकलेल्या बाई येतात आणि आपल्याला चार चांगल्या गोष्टी सांगून जातात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच धरले. म्हणाल्या, "तुमच्या त्या माशांविषयी बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. माझ्या बोलण्याला शेंडा ना बुडखा." तर म्हणाल्या, "जे पाहिलेत तेवढेच सांगा." तेव्हा जे पाहिले आणि मुलाने जे वाचून दाखवले, तेवढेच सांगते. चुकलेमाकले पोटात घाला.

आपण रत्नागिरीची माणसे. मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मिरकरवाडा येतो. कल्ले उघडून लाली बघायची, बांगड्याला बोटाने दाबून बघायचे आणि घरी आणून तिखटमीठ लावायचे. मासा पाळायचा असतो, त्याला नावाने हाक मारायची असते, हे माझ्या माहेरी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पण आमच्या चिरंजीवांना हौस. त्याने काचेची पेटी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. पाणी मावते सुमारे पंचावन्न लिटर, म्हणजे आपल्या जवळजवळ चार बादल्या. दुकानात जे जे छान दिसले ते ते त्यात आले. दोन सोनमासे, चार एंजल, एक फायटर आणि पाचसहा गप्पी. पुढे २०२२ साली तो शिकायला पुण्याला गेला आणि जाताना म्हणाला, "आई, दोन वेळा चिमूटभर दाणे टाक. बाकी काही करायला नको."

पण बाईचा हात स्वस्थ बसतो का? आठ दिवसांत पेटीची काच हिरवट दिसू लागली. म्हटले, आल्यागेल्यासमोर शोभत नाही. सगळे पाणी उपसले, दगडगोटे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चांगला पिळून पिळून धुतला आणि नळाचे ताजे पाणी भरले. पेटी कशी आरशासारखी झाली! चौथ्या दिवशी सोनमासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले, आणि त्यांच्यामागून तीन गप्पी.

मी रडले. खोटे कशाला सांगू? सकाळी सुरमई कापणारी बाई मी, संध्याकाळी बोटाएवढ्या माशासाठी रडले. हे मला हसले. मुलाला फोन केला, तेव्हा त्याने समजावले. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया नावाचे विष होते. फिल्टरच्या स्पंजात आणि दगडांवर बारीक जंतू वस्ती करतात. ते ह्या विषाचे आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट करतात, आणि हे शेवटचे थोडेबहुत माशांना सोसते. मी त्या जंतूंनाच धुऊन टाकले होते. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन वेगळेच. मी म्हटले, "अरे, म्हणजे ते विरजण होते तर!" विरजणाचे भांडे आपण धुऊन लख्ख केले, तर उद्याचे दही कशाने लागणार? तेव्हापासून माझा नियम असा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तेही बादलीत दिवसभर उघडे ठेवलेले. आणि स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर तांब्याने पाणी वरखाली करायचे. आपल्याकडे पावसाळ्यात ही गरज किती पडते, हे मी सांगायला नको.

चूक झाली म्हणून मी पेटीकडे नीट पाहू लागले. दुपारची भांडी आवरली की खुर्ची ओढून पेटीसमोर बसायचे. आणि काय सांगू, महिन्याभरात कळले की हे एक भरलेले बिऱ्हाडच आहे. एकाचा स्वभाव दुसऱ्यात नाही.

फायटरचे बघा. हा थायलंडकडचा. दोन नर एका पेटीत ठेवले तर एकमेकांना फाडतात. त्याला आरसा दाखवला तर तो आपल्याच तोंडाशी भांडायला उठतो, कल्ले फुगवतो, पिसारा फुलवतो. मधूनमधून पाण्याच्या वर येऊन आपल्यासारखी हवा घेतो. पण ह्याच भांडखोराचे दुसरे रूप ऐका. पाण्यावर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो तो नर. मादीने अंडी घातली की तिला हाकलतो आणि अंड्यांची राखण आपण करतो. एखादे अंडे खाली पडले तर तोंडात धरून पुन्हा घरट्यात नेऊन ठेवतो. सगळे बाळंतपण बाप करतो, भगिनींनो! आमच्या ह्यांना मी ते मुद्दाम वाचून दाखवले. आमच्या फायटरला तर बायकोही नाही, तरी बिचारा घरटे बांधून तयार असतो. त्याला आता वेगळी लहान पेटी दिली आहे.

गप्पी तुम्हां सर्वांच्या ओळखीचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत आणि हौदात सोडतात तेच. हे अंडी घालत नाहीत, जिवंत पिले देतात. अमेरिकेतल्या ली ड्यूगाटकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९२ साली ह्यांची एक गंमत लिहिली. एका मादीने एखाद्या नराला पसंत केलेले दुसरीने पाहिले, की तिलाही तोच नर आवडू लागतो. मला तर साडीचे दुकान आठवले. गठ्ठ्यातली साडी आपण तीनदा बाजूला सारलेली असते. शेजारच्या बाईने ती उचलली रे उचलली, की आपल्याला तीच हवी होते.

ह्या गप्पींतही एक धीट तर एक भित्रा असतो. एकाच आईची एका दिवसाची पिले. त्यांतले एक दाणे पडताच पुढे, आणि एक पानाआडून सगळ्यांचे झाल्यावर येणार. मला वाटे, हा माझाच मनाचा खेळ असेल. पण इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठात गप्पींना अनोळखी पेटीत पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले आणि २०१७ साली लिहिले, की कोणी पळून वाट शोधतो, कोणी लपतो, कोणी सावधपणे हिंडतो. आणि ज्याचा जो स्वभाव तो पुष्कळसा कायम राहतो. म्हणजे स्वभाव माणसालाच असतो असे नाही.

माशाला आठवण राहत नाही, तीन सेकंदांत विसरतो, असे आपण ऐकतो. ते खरे नाही. ऑस्ट्रेलियातल्या कुलम ब्राऊन ह्यांनी इंद्रधनू माशांना जाळ्यातल्या भोकातून निसटायला शिकवले. ते पाचएक खेपांत शिकले, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा जाळे लावले तर वाट विसरले नव्हते. कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी तर १९२३ साली शीळ घातली की येणाऱ्या एका आंधळ्या माशाची हकीकत छापली होती. ह्या फ्रिश ह्यांना, आणि मासे नि पाखरे पाहण्यात जन्म घालवलेल्या लॉरेंझ आणि टिनबर्गन ह्या दोघांना, मिळून १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरी नोबेल नाही, पण दाण्यांच्या डब्याचे झाकण वाजले की सगळे बिऱ्हाड काचेला येऊन लागते. हे जवळ गेले तर एवढी धावपळ नसते, कारण ते दाणे टाकत नाहीत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा तिरंदाज मासा माणसांचे चेहरेसुद्धा वेगळे ओळखतो.

झाडगावच्या मत्स्यालयात तुम्ही पुष्कळजणी मुलांना घेऊन गेला असाल. समुद्रातल्या त्या केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशाची कुटुंबपद्धत तर विचारूच नका. घरात सर्वांत मोठी ती मालकीण, तिच्या खालोखाल तिचा नवरा, आणि बाकीचे उतरत्या क्रमाने. प्रत्येकाने आपल्या जागी राहायचे. मालकीण मेली की तिचा नवराच हळूहळू मादी होतो आणि घर चालवतो. म्हणजे सासूबाई गेल्या की मामंजीच सासूबाई!

आता जे सांगायचे आहे ते ह्या हसण्यानंतरचे आहे. ते सांगण्यापूर्वी मी माझ्या धाकट्या जावेची परवानगी घेतली आहे. ती इथेच बसली आहे. "वहिनी, सांगा, पण मला उभी करू नका," एवढीच तिची अट आहे.

आमच्या पेटीत चार एंजल होते. हा मासा चपटा, लांब पंखांचा, अंगावर काळे पट्टे. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन नदीचा. त्यांतल्या दोघांनी जोडी जमवली आणि फिल्टरजवळचा रुंद पानाचा कोपरा धरला. तिकडे दुसरे कोणी फिरकले की दोघे धावून जात. तिसरा मासा जरा आडदांड, तो निभावून नेई. चौथा सर्वांत लहान. तो वरच्या एका कोपऱ्यात, नळीच्या मागे, पंख मिटून उभा असे. रंग काळवंडलेला. दाणे पडले की निघायचा, अर्ध्या वाटेवर धावून येत, की पुन्हा नळीमागे. पुढे पुढे तर तो तिसराही त्याला ढुशा देऊ लागला, ज्याचे त्याने काही घेतले नव्हते.

मी त्या लहान्याला "बावळट" म्हणत असे. "अरे, जरा हातपाय हलव की, सगळे तुझ्या तोंडचे नेतात," असे त्यालाच रागे भरत असे.

मुलाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "आई, तो बावळट नाही. त्याला जागाच नाही." आणि त्याने एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एंजलच्याच कुळातल्या आफ्रिकेतल्या माशांवर प्रयोग झाला, तो २००७ साली छापून आला. एका माशाला काचेपलीकडून इतरांची भांडणे नुसती पाहू दिली. कोण कोणाला हरवतो एवढे पाहून त्याने सगळ्यांची पायरी मनाशी ठरवली; ज्या दोघांची झुंज त्याने कधी पाहिली नव्हती, त्यांतला दुबळा कोण हेही त्याने ओळखले, आणि तो त्या दुबळ्याच्याच बाजूला गेला. म्हणजे एकाने एखाद्याला दाबले, की बघणारे शिकतात की ह्याला दाबता येते.

हे ऐकले आणि दोनचार दिवसांनी दुपारी मी दाण्यांचा डबा घेऊन पेटीपाशी उभी होते. लहाना नळीमागे पंख मिटून, काचेकडे तोंड करून उभा. मी सहज मागे वळून पाहिले. स्वयंपाकघराच्या मागल्या दारात, उंबऱ्याशी, माझी जाऊ ताट मांडीवर घेऊन जेवत होती. आम्हां सर्वांकडे पाठ करून. माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

२०२१ साली माझे धाकटे दीर गेले. जाऊ आपल्या लहान मुलीला घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला खायलाप्यायला कमी केले नाही, लोकही म्हणत की मोठ्या जावेने चांगले सांभाळले. पण वीस वर्षे ते स्वयंपाकघर माझे होते. तिने घासलेले भांडे मी पुन्हा विसळत असे. तिने डबा जागेवर ठेवला की मी तो चार बोटे सरकवीत असे. तिने आमटी केली की सर्वांच्या देखत मीठ बघून मान हलवीत असे. शेजारणी आल्या की म्हणे, "तिला अजून आपल्याकडचे काही कळत नाही हो." मी कधी आवाज चढवला नाही, म्हणून मला वाटे की मी भांडत नाही. मग सासूबाई तिला बोलू लागल्या. आणि एके दिवशी माझी दहावीतली मुलगी म्हणाली, "काकी, तुला नाही कळायचं, तू राहू दे." हे तिला कोणी शिकवले? काचेतून पाहून ती शिकली होती. आणि माझी जाऊ सर्वांचे झाल्यावर उंबऱ्याशी जेवत होती, तिला मी मनात तोच शब्द लावला होता, बावळट.

त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हते. रात्री मुलाला विचारले, "त्या लहान्यासाठी काय करायचे?" तो म्हणाला, "आधी दगड हलव. सगळी मांडणी बदल. जुन्यांचा हक्क त्यांच्या ओळखीच्या जागेवर असतो. मांडणी बदलली की सगळेच नवे होतात." दुसऱ्या दिवशी मी दगड हलवले, एक फुटका मडक्याचा तुकडा आडवा टाकला, झाडे मध्ये लावली. चौघेही बावरून हिंडले, आणि त्या संध्याकाळी लहाना प्रथमच खाली उतरून दाणे टिपू लागला.

रविवारी मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे सगळे डबे खाली उतरवले. पुसून झाल्यावर जावेला म्हटले, "आता तू मांड." ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. म्हणाली, "वहिनी, तुम्हांला सापडायचं नाही मग." मी म्हटले, "मी विचारीन." आणि खरेच, महिनाभर मला हिंगाची डबी सापडली नाही. दर वेळी तिला विचारावे लागे. पहिल्या दिवशी विचारताना जीभ अडली, हेही सांगते.

पण मांडणी बदलली आणि सगळे गोड झाले, असे मात्र नाही. पेटीत आठ दिवस शांततेचे गेले. मग त्या जोडीने पानावर अंडी घातली, पंखांनी वारा घालू लागली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चार एंजलांना चार बादल्या पाणी मुळातच कमी होते. शेवटी माझ्या भिशीच्या पैशांतून तीन फुटांची जुनी पेटी घेतली आणि जोडीला वेगळे केले. मोठ्या पेटीत लहान्याचे पंख उघडले, पट्टे उजळले, अंगानेही भरला. आणि काय चमत्कार सांगू, अंगात बळ येताच तो गप्पींच्या मागे लागला! त्याला संत समजू नका. गप्पी उचलून पुन्हा वेगळे करावे लागले.

घरातही तसेच. नुसते डबे मांडायला देऊन भागले नाही. एका चुलीपाशी दोघी आणि तिच्या नावाचे काहीच नाही, हे किती दिवस चालणार? आमचा पुढचा सोपा अडगळीने भरला होता. तो मोकळा केला, खिडकीपाशी तिचे शिवणाचे मशीन ठेवले. आज तुमच्यापैकी कितीजणींच्या अंगात तिने शिवलेले पोलके आहे, ते तुम्हीच बघा. आता ती सर्वांबरोबर पंगतीला बसते. आमचे अजूनही वाजते. ती मलाही आता आमटीतले मीठ सांगते. मी तिला एकदा विचारले, "तेव्हा तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "वहिनी, जेवणाचं काही नव्हतं हो. मला उभं राहायला जागा नव्हती." माझ्या मुलाने माशाविषयी सांगितले होते, अगदी तेच. तिने ते ऐकलेही नव्हते.

मासे आणि माणसे सारखी, असे मी म्हणणार नाही. माशाला आपल्या पेटीतले दगड हलवता येत नाहीत. ते आपण हलवायचे असतात. आणि घरातले दगड आपले आपणच हलवायचे.

ज्यांना मासे पाळायची इच्छा झाली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल भांड्यात एकटा मासा ठेवून शोभा करू नका, त्यात पाणी लवकर विषारी होते. कोणाचे कोणाशी जमते हे आधी विचारा. दिसायला छान एवढ्यावर बिऱ्हाड जमवू नका. जो मासा थव्याने राहतो त्याला एकटा ठेवू नका. आणि कंटाळा आला म्हणून पऱ्ह्यात, नदीत सोडून देऊ नका. काच चाटणारा परदेशी सकर मासा असाच लोकांच्या पेट्यांतून बाहेर पडला आणि आता गंगेतही सापडला आहे. तो तिथल्या माशांची जागा घेतो. दुसऱ्या कोणा हौशी माणसाला द्या, किंवा दुकानात परत द्या.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. मी इतकी वर्षे बैठकीला येते. आपण जुन्या बायका पुढे, खांबापाशी, आपापल्या ठरलेल्या जागी बसतो. गेल्या वर्षी पाचसहा नव्या सुना सभासद झाल्या. त्या अजून मागे, दाराशी, चपलांजवळ उभ्या असतात. आपण म्हणतो, "ह्या आजकालच्या मुली पुढे येतच नाहीत." अध्यक्षबाई, पुढच्या बैठकीला सतरंज्या जरा वेगळ्या, गोल अंथरता येतील का? आणि पानसुपारीचे तबक ह्या वेळी दाराकडून फिरू दे. अंथरायला मी आणि माझी जाऊ लवकर येऊ.